गाडीत अडकलेली सीडी

उन्हात तापलेल्या सीटचा वास आला की आखातातल्या अल बर्शातली ती दुपार आठवते. देश सोडून निघालेल्या एका जर्मनाकडून बाबांनी घेतलेल्या गाडीत ऑपेराची सीडी अडकलेली होती. गाणारी टिपेला गेली की आई वैतागायची, “खलास, पुरे! बंद करा ते किंचाळणं.” मग पुण्याहून तिचे वडील गेल्याचा फोन आला. तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, जाणं शक्यच नव्हतं. आई खाली जाऊन गाडीत बसली, काचा चढवल्या आणि तीच सीडी मोठ्याने लावली. बाहेर उभ्या मला दोघींतलं कोण रडतंय ते कळेना. परवा त्या सीडीची पुस्तिका सापडली. ती गाणारी म्हणजे ग्रीक शोकांतिकेतली एक मुलगी, मेलेल्या बापाला हाका मारत होती. आईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, “हे कळायला पुस्तिका कशाला लागते?”