मामूंनी लावलेलं चक्कर

मला माझं गाव परत मिळालं ते आमच्या घरमालकिणीच्या मामूंमुळं. आणि गाडी मुद्दाम हळू करून देणारा दुसरा माणूस अख्ख्या औरंगाबादेत सापडायचा नाही, हेही इथंच सांगून टाकतो.

शाळा सातवीत सुटली आणि मी पिशोरहून इथं छापखान्यात लागलो. सुट्टी फक्त रविवारची. सोमवारी सकाळी हजर नसलो तर काम जाईल, या धास्तीनं महिनोन्महिने घरी गेलो नव्हतो. शेवटी छोटं इंजिन बसवलेली एक जुनी सायकल घेतली, तर ती दौलताबादच्या घाटात धापा टाकून बसली. ढकलत माघारी आणली.

मामू कचेरीतून निवृत्त झालेले. ओसरीवर बसून लोकांची इंजिनं जुळवायचे. हवेचा स्क्रू केसभर फिरवायचे, डोळे मिटायचे, मान तिरपी करायचे. समोरच्यानं खोकलं तरी हात वर. "चूप! तू बोलला की इंजन लाजतंय." शेजारची कोंबडी ओरडली की पुन्हा पहिल्यापासून. गाडी किती पळवायची, हे मात्र त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचे, "गाव कोणतं? घरी कोण हाय?"

"पिशोर. आई हाय," मी म्हणालो. त्यांनी मागच्या चाकाचं दातेरी चक्कर काढून चांगलं ताटाएवढं बसवलं. चक्कर मोठं असलं की गाडी चढ चढते, पण सपाटीला रेंगाळते. गुलमंडीच्या चौकात टांगेवाला ओरडला, "ओ भाऊ, उतरून चाला, लवकर पोचाल!" मी रडकुंडीला येऊन मामूंना म्हणालो, "याहून लहान चालंल की. मी काय लई जड नाय."

"जाताना नाय. येताना?" एवढंच बोलले.

रविवारी पहाटे निघालो. गाडी कुरकुरत घाट चढली. परतताना आईनं बाजरी बांधली, भुईमूग बांधला, लोणच्याची बरणी दिली, वर एक भोपळा. एवढं नको म्हणालो तर, "तिथं कोण देतंय रं तुला?" वेरूळचा चढ दिसला तसा मी उतरून ढकलायच्या तयारीला लागलो. पण गाडी बैलासारखी मान खाली घालून चढत राहिली. मामूंनी माझं वजन धरलंच नव्हतं. आईच्या गाठोड्याचं धरलं होतं. सोमवारी मी वेळेवर कामावर होतो.

अर्धा भोपळा मामूंना नेऊन दिला. विचारलं, "मामू, तुमचं गाव कोणतं?"

"लासूर. सीधा रस्ता. घाट नाय, काय नाय."

"मग जात का नाय?"

त्यांनी स्क्रू बोटांत नुसताच फिरवला. "दरवाजा खोलनेवाला कोण हाय बाबा तिथं?"

आता छापखान्यातली पोरं लहान चक्कर लाव म्हणून मागं लागतात. मी लावत नाही. मामू तसे किडकिडीत. पण पानदान, हत्यारांची पिशवी नि त्यांचा हट्ट धरला तर वजन बरंच भरेल. त्यांना मागं बसवून एका रविवारी मी पिशोरला नेणार आहे. दार आई उघडील.