दाजीकाकांच्या वहीतली नावं

दाजीकाका गेल्याचा निरोप वेंगुर्ल्याहून मसुऱ्याला आला तेव्हा मी वर्गात फळ्यावर गणित लिहीत होतो. रडू आलं नाही. आधी एवढंच मनात आलं... आता त्यांना खरं कधीच सांगता येणार नाही. त्याला महिना झाला.

दाजीकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वेंगुर्ल्यात कंपाउंडर. पहिल्या महायुद्धात ते पलटणीच्या इस्पितळाबरोबर इराकात गेले आणि लढाई संपल्यावरही काही वर्षं मोसुलच्या दवाखान्यात राहिले. शहराच्या पूर्वेकडच्या खेड्यांतून शबाक लोक हिवतापाचं औषध न्यायला येत. कुठं दुखतं हे विचारता यावं म्हणून काकांनी त्यांचे शब्द वहीत उतरवले, शेजारी कुर्दी, फारसी आणि मालवणी. घराला फारसीत खाना, आपल्या दवाखान्यातला तोच. कुर्दीत माल. शबाकीत याना. "म्हणजे ती कुर्दीचीच बोली?" मी विचारलं. "कुर्द म्हणतत, आमचीच. फारशीवालो म्हणता, ही मोडकी फारशी. पण तिची सख्खी भैण गोराणी, थयच्या डोंगरातली. कुर्दी चुलत भैण, फारशी त्याच्याय पलीकडली." मी उसळलो, "मग आमच्या मालवणीसारखंच! जो तो आपल्याकडे ओढणार!" काका हसले. "काढ मोर्चो. पण आधी चाय पी."

सध्या गावोगाव भाषावार प्रांतांच्या सभा चालल्या आहेत, आणि मी तर पत्रकं वाचतच वाढलेला. लहान भाषांच्या हक्कासाठी मी एक पत्रक लिहिलं. पुरावा म्हणून काकांची वही त्यांना न विचारता उचलली आणि मालवणच्या एका छापखान्यात दिली. जशीच्या तशी छापा, म्हटलं. मग वेंगुर्ल्याला जाऊन त्यांना अभिमानानं सांगितलं. दम्यानं ते अंथरुणाला खिळले होते. एकदम उठून बसले.

"नावां काढलंस?"

मला कळेना. काका कंपाउंडर. रोग्याचं नाव, बापाचं नाव, गाव लिहिल्याशिवाय त्यांचं पेन पुढं सरकत नसे. शब्दांच्या वहीतही तेच केलेलं... प्रत्येक शब्दाआधी तो सांगणाऱ्याचं नाव, बाप, गाव. आणि ती माणसं परक्यासमोर ती भाषा बोलतच नसत. कुणी साहेब यादी घेऊन गावात येई, अरब, तुर्क की कुर्द? चौथा रकाना नव्हता. उत्तर चुकलं तर जमीन जाईल, गाव उठवतील, या धास्तीत सगळे; आणि बापाच्या नि गावाच्या नावावरून पोरं आजही सापडतील. "मिया तेंका शब्द दिल्लो, वही भायर जावची नाय," काका म्हणाले.

"पण मोसुलात मराठी कोण वाचतंय, काका?"

"अरे शाण्या, बसऱ्यापासून मराठी कारकून भरलेले होते थय. आणि नुसता नाव वाचूक कितकीशी मराठी लागता?"

दुसऱ्या दिवशी छापखान्यात पोचलो. पिवळी पत्रकं छापून तयार होती. गठ्ठे मोजले, एक कमी. "तो काल आगबोटीनं मुंबईक गेलो," मालक म्हणाले. "तुमचेच सभेतले मित्र घेऊन गेले." उरलेले मी परसात जाळले. मुंबईला त्या मित्राला पत्र टाकलं. उत्तर आलं, गोदीवर वाटली, खलाशांनी आवडीनं घेतली... त्यांतले किती खलाशी बसऱ्याच्या बंदरात उतरले असतील?

"सगळी मेळली?" वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा काकांनी विचारलं.

"सगळी."

"बरा झाला." त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी ते गेले.

वही आता माझ्याकडे आहे. नावं मी ब्लेडनं कापली. काकांची नाव आधी लिहायची सवय अशी, की आता प्रत्येक ओळ एका भोकानं सुरू होते. हा लेख द्यावा की नाही यातही तीन आठवडे गेले. पण वाचकांपैकी कुणाच्या घरी, कुणा खलाशाच्या पेटीत ते पिवळं पत्रक असू शकतं. ते मला परत पाठवू नका, टपालात कुणाच्याही हाती पडेल. वाचूही नका. चुलीत घाला, आणि पुरतं जळेपर्यंत तिथून उठू नका.