जावयांच्या रांगेतला फेटा

आमच्या भावकीत कुणाचंही लग्न असलं की माईक माझ्या हातात असतो. पाहुण्यांचं स्वागत, पुढाऱ्यांचे सत्कार, मंगलाष्टकांआधीची सगळी बडबड माझी. घरी मात्र मी फार बोलत नाही, बायकोला विचारा. आत्याबद्दल तर कधीच बोललो नाही. आता लिहितो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची एकुलती एक बहीण. तलवाड्याकडचं आमचं घर मोठं. आजोबा पंचायत समितीचे सभापती, वडील पुढं झेडपीत. माझ्या बारशाला घरच्यांनी ठरवलेलं नाव बाजूला ठेवून तिनं माझ्या कानात स्वतःच्या पसंतीचंच नाव सांगितलं. पाळण्यापाशी वाद नको म्हणून तेच राहिलं. ती अशीच. गेवराईच्या बाजारात स्वतः जीप चालवत जायची, डोळ्यांवर गॉगल. तिच्या हुरड्याच्या पार्टीचं बोलावणं आलं नाही तर भल्याभल्यांच्या बायका रुसायच्या.

तिचं पहिलं लग्न परळीकडच्या एका राजकारणी घरात झालं. सोयरीक दोन घराण्यांची होती, तिची नव्हतीच. "त्यांना बायको नको होती, स्टेजवर बसवायला बाई पाहिजे होती," असं ती म्हणायची. काही वर्षांनी ती कोर्टातून रीतसर फारकत घेऊन आली. दुसरं लग्न संभाजीनगरच्या एका विधुर डॉक्टरांशी. त्या घरात ती खरी फुलली. रोज पाहुणे, गाणी, हसणं. डॉक्टर एका सकाळी चहा पिताना गेले. पन्नाशी ओलांडल्यावर ती आपल्या वाट्याच्या रानात येऊन राहिली, शेळ्या पाळल्या. तिथं शेळ्यांच्या औषधपाण्याला येणारे एक गृहस्थ, गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले, धर्मापुरीकडच्या मेंढपाळ घरातले. त्यांच्याशी तिनं रजिस्टर लग्न केलं. वडिलांनी बोलणं टाकलं.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. एका आत्यामुळं मला तीन मामा मिळाले, असं मी मित्रांत हसून सांगायचो. आज ते हसणं आठवलं की तोंड कडू होतं.

माझ्या मुलीच्या लग्नाआधी आत्या घरी आली.

"एक मागते. देशील?"

"बोल की."

"जावयांना फेटे बांधता, तवा मामांचं नाव घे. माईकवर. मला तुमची साडी नको, काही नको."

"घेतो. त्यात काय?"

"त्यात काय म्हणतोय! तुझ्या बापाला विचार त्यात काय ते."

आमच्याकडं ही रीत आहे. घरच्या सगळ्या जावयांना एकेक करून स्टेजवर बोलवायचं, चारचौघांत फेटा बांधायचा. ज्याचं नाव निघालं तो घरचा. तिला एवढंच हवं होतं. मी शब्द दिला.

लग्नाच्या दिवशी हॉलवर आलो तर पुढच्या सोफ्यावर पहिले मामा बसलेले. इलेक्शन तोंडावर होतं, वडिलांनीच त्यांना बोलावलं होतं. मला बाजूला घेऊन वडील म्हणाले, "आत्याचा नवरा म्हणून यांनाच उठव. त्या मेंढरवाल्याचं नाव निघालं तर मी मांडवातून उठून जाईन."

"दादा, आत्याची फारकत झालीय."

"फारकत तिची झाली. आपली न्हाई झाली."

मी तेव्हा लहान नव्हतो. मुलीचं लग्न लावणारा बाप होतो. तरी मी माईक तोंडाशी धरला आणि पहिल्या मामांचं नाव पुकारलं, नावामागं तीन-चार पदवीसारखी विशेषणंही लावली. ते हात जोडत वर आले. वडिलांनी फेटा बांधला. टाळ्या पडल्या.

स्टेजच्या पायरीशी तिसरे मामा उभे होते. आत्यानं सांगितलं असणार, आज तुमचं नाव निघतंय म्हणून. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि फेट्यासाठी डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. पुढचं नाव आपलंच, अशा खात्रीनं ते वर बघत होते. मी म्हणालो, "जावयांचा सत्कार इथं पूर्ण झाला, मंडळींनी जेवणाचा लाभ घ्यावा."

मग त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि बाजूला झाले. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

जाताना आत्या माझ्याजवळून गेली. गॉगल घातला होता. "आवाज चांगला हाय तुझा," म्हणाली. "लई लांबपर्यंत जातो."

त्यानंतर बरीच वर्षं ती आमच्या एकाही कार्याला आली नाही. वडील गेले तेव्हा आली, भावाच्या पायाशी बसली, पाणीही न घेता निघाली. वर्षश्राद्ध झाल्यावर मी नवा फेटा घेऊन तिच्या रानात गेलो.

"कावून आलास?"

"मामांना फेटा बांधायला."

मामा शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. ते हसले. "येऊ द्या हो त्याला, उन्हातून आलंय पोरगं." पन्नाशीतल्या मला ते पोरगं म्हणाले.

आत्या हसली नाही. "इथं शेळ्यांपुढं बांधतो का? त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली ती भरल्या मांडवात. तिथं बांध. न्हाई जमत तर चहा घे अन् जा."

चहा घेतला आणि आलो. फेटा परत आणला.

या उन्हाळ्यात माझ्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला मी स्वतः रानात गेलो होतो; आत्या अन् तिसरे मामा आले, अगदी मागच्या रांगेत बसले. पहिले मामाही होते, आता काठी लागते, पण जागा तीच, पुढचा सोफा. जावयांची रांग आली. मी म्हणालो, "या घरचे जावई, माझ्या आत्याचे यजमान." नाव घ्यायच्या आत पहिले मामा सवयीनं काठी टेकून अर्धे उठले.

सगळा हॉल बघत होता.

"मामा, आपण बसा," मी माईकवर म्हणालो. "आपला मान पाहुण्यांत आहे. जावई मागं बसलेत. मागच्या कार्यात त्यांचं नाव मी घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं." मग मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, गावासकट.

पहिले मामा सावकाश खाली बसले. तिसरे मामा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा हात टोपीवर गेला आणि तिथंच थांबला. एकदा काढली होती ना त्यांनी.

"माईक ठेव अन् इकडं ये," मागून आत्याचा आवाज आला. तिला माईक लागत नाही.

मी खाली उतरलो, खुर्च्यांमधून मागं गेलो. मामांनी टोपी काढून आत्याच्या हातात दिली. मी आयुष्यभर दुसऱ्यांना फेटे बांधायला सांगत आलो, स्वतः कधी बांधला नव्हता. एक पदर सुटला, तुरा कानाकडं गेला.

"वाकडा बांधलास रं," आत्या म्हणाली.

"सोडून परत बांधू?"

"हात लावू नको." तिनं टोपी घडी करून पर्समध्ये टाकली, गॉगल काढला आणि फोटोवाल्याला हाक मारली. "ए दादा, इकडं! हाय तसाच काढ."