पुठ्ठा लावलेली खिडकी

एकाहत्तरच्या लढाईत नगरला ब्लॅकआउट होता आणि आमच्या गल्लीतल्या खिडक्या तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. गाव लष्कराचं, म्हणून भीतीही जरा जास्तच. लोकांनी काचांवर काळे कागद खळीनं असे चिकटवले होते, की भर दिवसाही घरांत अंधार.

एका बाईनं मात्र कागद पुठ्ठ्याला लावला होता. संध्याकाळी ती तो खिडकीत बसवायची आणि सकाळी काढून ठेवायची. मग त्याच खिडकीशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. आतून नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा. खोकला लांबला की तिचे हात थांबायचे, ओसरला की पुन्हा चालू व्हायचे.

"रोज काढघाल कशाला? चिकटवून टाका ना एकदाचा," मी एका संध्याकाळी वैतागून म्हणालो.

"यांना टीबी हाय, दादा," ती मान वर न करता म्हणाली. "डाक्टर म्हनला, खिडकी उघडी ठेवा, हवा-उजेड येऊ द्या. म्हनून रातच्याला सरकारचं ऐकते, दिवसा डाक्टरचं."

तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

लढाई जिंकली, ब्लॅकआउट उठला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी गल्ली काचांवरचे कागद खरवडत होती, पेढे वाटत होती. मी पेढा घेऊन तिच्या खिडकीशी गेलो.

पुठ्ठा लावलेलाच होता. आतून विडीची पानं कापायच्या कात्रीचा आवाज येत होता. खोकल्याचा येत नव्हता.