सीटखालचा पेट्रोलचा कॉक

नागपूरच्या लकडगंजात आमची लाकडं कापायची आरामशीन होती. बाबा आणि काका मिळून ती चालवत, घरही एकत्रच होतं. घरात एकच गाडी, काळी, जुनी, पण सांभाळलेली. बाबा ती चालवत, काका तर त्यांच्याहून जास्त चालवत. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची. ज्याला काम असेल त्यानं घ्यावी.

त्या वर्षी आमच्या भागातून एका लाकूड व्यापाऱ्याची जीप चोरीला गेली. ती पुन्हा दिसलीच नाही. पुढे दुसऱ्या एकाची गाडी गेली, पण ती सकाळी कळमन्याच्या वाटेवर दारं उघडी टाकलेली सापडली. त्या मालकानं पेट्रोलच्या नळीवर बंद-चालू करायचा छोटा कॉक बसवून घेतला होता. कॉक बंद असला तरी गाडी सुरू होते, कार्बोरेटरमध्ये साचलेल्या पेट्रोलवर थोडी धावते आणि मग भर रस्त्यात बंद पडते. चोराला कारण कळत नाही, तो गाडी सोडून पळतो. बाबांना ही युक्ती फार आवडली. मिस्त्रीनं त्यांना दुसरी बाजूही सांगितली होती, असं आई नंतर म्हणायची. नळीला जोड आला की तो कधीतरी गळू शकतो. आपणच कॉक उघडायला विसरलो तर आपलीच फजिती. आणि घरात जो गाडी चालवतो त्याला हे माहीत पाहिजे. बाबांनी कॉक बसवला, ड्रायव्हरच्या सीटखाली, चटईच्या आड. सांगितलं मात्र कोणालाच नाही. फक्त गावाला जाताना ते कॉक बंद करून जात.

मी तेव्हा सातवीत होते. आईबाबा रेल्वेनं वर्ध्याला एका साखरपुड्याला गेले होते आणि मी काकूजवळ होते. सकाळीच आरामशीनवरच्या फोनवर रामटेकहून निरोप आला. काकूच्या आईची तब्येत फार बिघडली होती, लवकर या म्हणाले. काकूनं पटकन मऊ भाताचा डबा भरला. आईच्या तोंडाला चव नसेल, पण आपल्या हातचं दोन घास खाईल, असं ती मला म्हणाली. मला एकटीला घरी ठेवता येईना म्हणून काकांनी मलाही गाडीत घेतलं.

दोन गल्ल्या ओलांडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि गाडीनं दोन-तीन आचके दिले. मग ती थांबलीच. काकांनी बॉनेट उघडलं. आजूबाजूच्या लाकडाच्या डेपोतली माणसं आली, ढकलून पाहिलं. टाकी भरलेली होती, त्यामुळे पेट्रोल संपल्याचा संशय कोणालाच येईना. काकूनं काचेतून मान बाहेर काढून म्हटलं, "आपण बसनं जाऊ ना."

"थांब वं, आत्ता होते चालू," काका म्हणाले.

ज्या मिस्त्रीनं तो कॉक बसवला होता, त्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं. काका दुसऱ्याला घेऊन आले. त्यानं पंप खोलला, पुसला, पुन्हा बसवला. मग कार्बोरेटर खोललं. काकांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. काकू डबा मांडीवर धरून मागच्या सीटवर बसून होती. ऊन चढत गेलं, गाडी तापली, तरी ती खाली उतरेना. जणू ती उतरली असती तर गाडी चालू होणार नाही हे नक्की झालं असतं.

शेवटी आम्ही बसनंच गेलो. रामटेकला पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. काकूची आई दुपारीच गेली होती. काकूच्या भावानं रडत रडत सांगितलं की आईनं सकाळपासून दोनदा विचारलं, पोरगी आली का गा म्हणून. काकू आईच्या उशाशी जाऊन बसली. डबा कोणीतरी तिच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन नागपूरला परतले. लोकांनी ढकलत आणलेली गाडी दारात उभी होती. आईबाबा वर्ध्याहून आले होते आणि शेजाऱ्यांकडून त्यांना सगळं कळलं होतं. गाडीचं दार उघडून बाबा वाकले, सीटखाली हात घातला, काहीतरी फिरवलं. थोडा वेळ सेल्फ मारल्यावर गाडी चालू झाली.

काका ओट्यावर उभे होते. इंजिनाच्या आवाजात त्यांनी विचारलं, "हे केव्हा बसवलं, दादा?"

"दिवाळीच्या आधी."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगायचं राहून गेलं."

काका ओट्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, "तुम्ही गाडी चोरापासून वाचवून राहिले होते, का माझ्यापासून?"

बाबांनी गाडी बंद केली. उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं, असं आई आयुष्यभर म्हणत आली.

त्याच आठवड्यात बाबांनी कॉक काढून टाकला आणि सरळ नळी बसवली. काका त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. काही महिन्यांनी त्यांनी इतवारीत दोन खोल्या घेतल्या आणि दुसऱ्याच्या आरामशीनवर कामाला लागले. आई एकदा काकूला भेटून आली. यांनी मलेही सांगितलं नव्हतं वं, एवढंच तिला सांगायचं होतं. काकू म्हणाली, मले माहीत आहे. दोघी रडल्या, चहा प्यायल्या आणि आई परत आली. सणावारी येणंजाणं राहिलं. दोघे भाऊ एकमेकांना पाऊसपाणी तेवढं विचारत.

पुढे माझं लग्न झालं. आमच्या गाडीलाही चोरापासून काही बसवा असं कोणी सुचवलं, तेव्हा मी नको म्हटलं. ती वस्तू वाईट नव्हती, तिनं एकाची गाडी खरंच वाचवली होती. पण मला नको होती.

बाबा गेले तेव्हा काका सर्वांत आधी आले. सगळं आटोपल्यावर ते घराला लागून असलेल्या मशीनच्या आवारात सागाच्या ओंडक्यावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. पाणी तसंच हातात धरून ते म्हणाले, "तुझी काकू बसनं जाऊ म्हणाली होती. आम्ही पोचलो असतो. मीच ऐकलं नाही."

मी म्हटलं, "काकूला बोललात का कधी?"

"तिले काय सांगायचं? ती तर गाडीतच होती." मग म्हणाले, "मी इतकी वर्षं दादालेच दोषी धरून बसलो. आता दुसरं कोणाले धरू?"

आत काकू माझ्या आईला दोन घास खा म्हणून विनवत होती, तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. काका उठून घराच्या दारापर्यंत गेले. चपला काढल्या, पण आत गेले नाहीत. पायरीवरच बसून राहिले.