कृष्णात वस्तादांची गोल्फची काठी

कृष्णात वस्तादांना हातात न घेता एखादी वस्तू विकत घ्यायला सांगू नये, ते ऐकणार नाहीत. छत्री घ्यायची तर दुकानातच दोनदा फिरवून बघणार, विळा घ्यायचा तर मूठ दाबून बघणार. त्यांच्या पत्नीनं, बनाबाईंनी, एकदा हौसेनं नवं लाटणं आणलं. वस्तादांनी ते बोटावर तोललं आणि "एका अंगानं जड हाय" म्हणून परत करायला लावलं. दुकानदार अजून ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो.

माणसाला ही खोड लागली ती तालमीत. पोटापाण्यासाठी वस्तादांनी जन्मभर दूध संघात नोकरी केली, पण कोल्हापुरात त्यांना ओळखतात ते मर्दानी खेळामुळं. लाठी आणि दांडपट्टा त्यांनी शेकडो पोरापोरींना शिकवला. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी मूठ आणि पुढं लांबलचक, लवलवणारं पातं. वस्ताद धावत यायचे आणि जमिनीवर ठेवलेलं लिंबू त्या पात्यानं कापून पुढं निघून जायचे. लिंबाच्या दोन फोडी जागच्या जागी असायच्या, मातीचा कणही उडालेला नसायचा.

मग उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टा बंद. पोरापोरींना शिकवायचं काम थोरल्या लेकीनं, तेजस्वीनं, हातात घेतलं आणि नीट सांभाळलं. वस्तादांनी मात्र तालमीकडं पाठ फिरवली. त्या रस्त्यानं जायचं झालं तरी वळसा घालून जायचे. घरात बसून आमटीत मीठ किती, गॅस मोठा का ठेवला, अशी चौकशी सुरू झाली. बनाबाई मीठ मोजून टाकायला लागल्या आणि मनातून धास्तावल्या. असला गप्प, किरकिरा नवरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

अशा वेळी माधव धावून आला. शाळेपासूनचा मित्र, बँकेतून निवृत्त झालेला, गोल्फचं वेड लागलेला. त्यानं वस्तादांना जवळजवळ ओढतच मैदानावर नेलं. खेळ दोन्ही हातांनी खेळायचा, त्यामुळं डॉक्टरांचीही हरकत नव्हती. माधवच्या आखूड काठ्यांनी वस्ताद बरे मारायला लागले. घरी येऊन बोलायला लागले. आमटीत मीठ आहे की नाही इकडं त्यांचं लक्षही जाईना.

आता माधवचा उत्साह उतू गेला आणि त्यानं रविवारच्या जोडीच्या स्पर्धेत दोघांची नावं घालून टाकली. पहिल्याच जागी पंचाईत होती. चेंडू ठेवतात तिथून समोर एक ओढा आडवा जातो, आणि तो ओलांडायचा तर सगळ्यात लांब काठी, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. पाठीमागं क्लबाच्या व्हरांड्यात चहा पीत बसलेले लोक. वस्तादांनी त्या रात्री जेवताना बनाबाईंना सांगून टाकलं, "रविवारी चेंडू ओढ्यापलीकडं गेला तर ठीक. न्हाय गेला, तर हात संपला समजायचं. मग काठी, लाठी काय बी हातात धरायचं न्हाय."

बनाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. तंबाखू या माणसानं अशीच एका वाक्यात सोडली होती.

दुसऱ्या दिवशी वस्ताद शाहूपुरीत श्रेयसच्या खेळाच्या दुकानात हजर. श्रेयस म्हणाला, "वस्ताद, आधी आतल्या जाळीत दोन फटके मारा. तुमचा हात कसा फिरतोय ते बघतो, मग काठी ठरवूया."

"माझा हात तू बघणार?" वस्ताद म्हणाले. "आरं, काठी निवडण्यात केस पांढरं झाल्यात माझं."

आणि त्यांनी लाठी निवडतात तशी काठी निवडली. लाठीचा नियम साधा: उंच पाहिजे, सरळ पाहिजे आणि वाकता कामा नये. वस्तादांनी दुकानातला एकेक ड्रायव्हर गुडघ्यावर दाबला. जो जरा लवला तो बाजूला. शेवटी सगळ्यात लांब आणि सगळ्यात ताठ निघाला तो उचलला. श्रेयस काकुळतीला येऊन सांगत होता की ही काठी जोरकस, वेगवान हाताच्या खेळाडूंची आहे. वस्ताद ऐकतील तर शपथ! अखेर तो म्हणाला, "घेऊन जावा, मारून बघा. मग काय ते ठरवू."

मैदानाला लागून जोतीरामचा ऊस आहे. वस्तादांचा पहिला चेंडू जमिनीलगत गेला आणि उजवीकडं वळून उसात शिरला. दुसराही उसात. तिसऱ्याला त्यांनी अंगातला सगळा जोर लावला, तो जरा जास्त आत गेला एवढंच. बांधावर उभा राहून जोतीराम ओरडला, "वस्ताद, यंदा ऊस तोडायच्या आधी चेंडू येचायला टोळी लावायला लागंल बघा!"

माधव हसला. वस्ताद हसले नाहीत. खांदा ठणकत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना भीती वाटत होती. काठीत खोट काढायला जागा नव्हती, ती त्यांनीच निवडली होती. म्हणजे खोट हातातच.

शनिवारी माधव त्यांना दमदाटी करून पुन्हा दुकानात घेऊन गेला. श्रेयसनं एक दुसरा ड्रायव्हर पुढं केला. याची दांडी नरम होती आणि तोंड थोडं आभाळाकडं वळलेलं. "चेंडू आपोआप वर उचलतो," तो म्हणाला. दांडीवर बारीक अक्षरात 'सीनियर' लिहिलं होतं. वस्तादांनी चष्मा लावून ते वाचलं आणि भडकले.

"म्हाताऱ्याची काठी देतोस व्हय रं मला? ही काय काठी हाय? वेत हाय वेत! बघ, बघ कशी लवतीया!"

आणि ती किती भिकार आहे हे दाखवायला त्यांनी ती हवेत झटकली. दांडी लवली, पुढचं टोक क्षणभर मागं राहिलं, मग सरकन पुढं आलं आणि त्याची ओढ तळहातात उतरली. त्यांनी पुन्हा झटकली, या वेळी हळू. पुन्हा तीच ओढ. ऑपरेशनपासून या हाताला ती भेटली नव्हती.

"माधव," ते म्हणाले, "आरं, ही लाठी न्हवंच की. ह्यो पट्टा हाय!"

"म्हणजे?"

"म्हंजे मी गाढव हाय! पट्ट्याला जोर लावायचा नसतोय. हात फिरवायचा आणि पात्याला मागनं येऊ द्यायचं. लेकरांना जन्मभर ह्येच सांगत आलो की रं मी!"

ते सांगायच्या भरात त्यांनी काठी अशी काही फिरवली की बॅडमिंटनच्या फुलांचे डबे मांडणीवरून धडाधड खाली आले. श्रेयस डबे गोळा करत हसत होता. आता जाळीत चला म्हटल्यावर वस्ताद शहाण्या पोरासारखे गेले, आणि श्रेयसनं त्यांचे दोन्ही हात मुठीवर थोडे खाली सरकवून दिले तेही त्यांनी मुकाट्यानं ऐकलं.

रविवारी व्हरांडा भरला होता. वस्ताद चेंडूपाशी उभे राहिले. माधव उगाच ढगांकडं बघायला लागला. वस्तादांनी चेंडूकडं पाहिलं, मातीवर ठेवलेल्या लिंबाकडं पाहावं तसं. घाई केली नाही. हात सावकाश मागं गेला, सावकाश खाली आला, आणि दांडीनं आपलं काम केलं.

चेंडू फार लांब गेला असं नाही. व्हरांड्यातला कुठलाही तरणा खेळाडू त्याच्या पुढं मारतो. पण तो उंच उठला, सरळ गेला, ओढ्यावरून गेला आणि पलीकडच्या हिरवळीवर दोन उड्या मारून थांबला. माधवनं एवढ्या मोठ्यानं आरोळी ठोकली की चहाचे कप खाली ठेवले गेले.

त्यानंतर वस्तादांनी जो खेळ केला त्याबद्दल न बोललेलं बरं. डोळ्यांत सारखं पाणी येत होतं, चेंडू दिसेल तर ना!

दुपारी ते घरी आले तेव्हा बनाबाई दारातच उभ्या होत्या. विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी म्हणाल्या, "काय झालं वो?"

"हरलो," वस्ताद चप्पल काढत म्हणाले. बनाबाईंचा चेहरा पडला. "सपाटून हरलो. सगळ्यात शेवटी आलो आम्ही. माधव बोलायला तयार न्हाय माझ्यासंगं."

"आणि वढा?"

"वढा व्हय? त्यो सकाळीच मागं पडला की!" वस्ताद म्हणाले आणि गडगडाटी हसले. त्या हसण्यानं शेजारच्या बाईनं खिडकीतून डोकावून पाहिलं.

बनाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. वस्ताद गडबडून गेले. "आगं, आता रडतीस कशाला? गेला की चेंडू पलीकडं!"

"खड्ड्यात गेला तुमचा चेंडू," बनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझा माणूस परत आला."