जेवणानंतरची साखर

नांदेडला मी गणितात पीएचडी करत होते. विषय पेशींचा. रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन सोडतात, साखर उतरली की हात आखडता घेतात. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, तसं. हे सगळं चार समीकरणांत बसवायचं, एवढंच माझं काम. पण ऐट अशी, जणू पेशी मला विचारूनच चालतात.

निलंग्याला आईला मधुमेह. साखर मोजायचं यंत्र मी घेऊन दिलं आणि अण्णांना, म्हणजे वडिलांना, कामाला लावलं. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी आईचं बोट टोचायचं, आकडा मला फोनवर सांगायचा. महिनाभरात आकडे सुधारले. जेवल्यावर साखर थोडी चढायची, गुमान खाली यायची. माझ्या समीकरणांच्या रेषेवर ठिपके नेमके बसायला लागले. नवी गोळी लागू पडली म्हणून मी खूश. लातूरच्या डॉक्टरांकडची फेरी मीच पुढे ढकलली.

आई फोनवर म्हणाली, "पायाची जखम भरूनच न्हाई राहिली गं."

"साखर ताब्यात आहे, भरेल," मी म्हणाले. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

जखम चिघळली. लातूरला नेलं तेव्हा पहिल्याच तपासणीत साखर पाचशेच्या वर निघाली. तुमचं यंत्र बिघडलंय, असं मी नर्सला सुनावलं. पाचव्या दिवशी आई गेली.

पाहुणे पांगल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. हे काय, म्हणून मी विचारलं.

"तिची बोटं लई दुखून राहिली होती, बाई. भाकरी थापताना कळ यायची. मग मी माझंच रगत दिलं. एका ताटात जेवतो आम्ही, साखर येगळी कशी ऱ्हाईल?"

दोन महिने मी एका धडधाकट माणसाच्या पेशी बघत होते. मधुमेह्याची रेषा अशी नसते, हे माझ्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक होतं? पण ती माझ्या गणिताशी जुळत होती, म्हणून मला आवडली होती. मला स्वतःची शिसारी आली.

अण्णांना वाटतं, साखर दवाखान्यात गेल्यावरच चढली.

"तुझ्या कामाला आले ना गं आकडे?" त्यांनी विचारलं.

"हाव अण्णा, आले," मी म्हणाले. खरं काय ते मी असेपर्यंत त्यांना कळणार नाही.